सिद्धूची मोटार आणि मालाची सुपारी

बुधवार, १२ फेब्रुवारी १९४७

आन् वर मालक मलाच म्हंत्यात, तुला मोटारीतलं काय कळतंय! जन्मभर बैलाच्या शेपट्या पिळल्या. एकदा सर्विस मोटारीत बसले तर कराडपासनं कडेगावपातूर वकाऱ्या काढत गेले — आन् आता गिअरवर बोलत्यात.

दिवाळीत माझ्या पोरीची, मालाची, सुपारी फुटली. बनुबाईच्या सिद्धूला दिली. आता ह्येंचं नवीनच. पोरगं सांगलीच्या मोटार-शर्यतीत पयलं आलं तर लगीन, न्हाईतर सुपारी माघारी. का? तर सर्विस मोटारीचा धनी भाऊसो मालकांना म्हनला, "नाथाजी, जिकला तर साहेबलोकांत जाईल. हरला तर माझ्या सर्विस मोटारीवरच म्हातारा हुईल." शर्यतीची गाडी बी भाऊसोचीच, सिद्धू निस्ता हाकनार. फुटलेल्या सुपारीवर अट घालत्यात व्हय कुनी? चारचौघांत पोरीची काय किंमत ऱ्हाईल? जावई बघत्यात का बैल?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आमच्या वट्ट्यावर समदी जमली. इडीच्या धुरानं घर भरलं. चा मीच करायचा.

सिद्धूच्या हातात गाडी येऊन दोन वर्सं झाली न्हाईत. म्होरं कोन, तर मुंबईचा एक पारशी, बेळगावचा गोरा कप्तान, आन् मलकापूरचा लालासाहेब. लालासाहेबानं लढाईत मिसर देशात मिलट्रीच्या ट्रका हाकल्यात.

शेजारचा तात्याबा म्हनला, "पारशाची गाडी नवी हाय. सिद्धू तिसरा येतोय बग."

भाऊसो म्हनला, "वळनावर आपलं पोरगं ऐकतंय व्हय गड्या? दुसरा धरून चल."

म्या कपबश्या आदळल्या. म्हनलं, "दुसरा आला तर माजी पोरगी कुनाला द्यायची? पारशाला?"

मालकांनी डोळं वटारलं. वटारू देत.

रविवार, १६ फेब्रुवारी

आता देवाला धरलं. मूर्तीला दोन वल्ली फुलं चिकटवून भैरोबाला कौल लावला. उजवं फूल पडलं तर जिकनार, डावं पडलं तर न्हाई.

डावं पडलं. म्या सवता बघितलं. गुरव म्हनला, "वारं लागलं." परत लावलं. परत डावंच. "पानी कमी पडलं." मग डावं चांगलं दाबून बसवलं आन् उजवं निस्तं टेकवलं. पडलंच की ते. समद्यांनी चांगभलं केलं. मालक तर नाचायचे ऱ्हायले हुते.

किळस आली मला. देवाला बी खोटं बोलाय लावत्यात.

सोमवार

माला जेवली न्हाई.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मालक रानात गेल्यावर सिद्धू आला. उंबऱ्यातच हुबा. म्हनला, "मामी, जिको न्हाईतर हरो, म्या मालालाच करनार."

"मग ह्ये मालकांच्या तोंडावर का सांगत न्हाईस?"

"गाडी भाऊसोची हाय न्हवं."

तोंडात जीभ हाय का ती बी भाऊसोचीच? पर पोरगं गुनाचं वाटलं. मालानं आतनं ऐकलं. रातीला दोन भाकरी खाल्ल्या.

रविवार, २३ फेब्रुवारी

जिकला.

पारशाची गाडी तापून बंद पडली. कप्तान वळनावर खड्ड्यात. लालासाहेब म्होरं हुता, त्यो काय सापडतोय! शेवटच्या फेऱ्याला सिद्धूनं भोंगा वाजवला, आन् लालासाहेबानं गाडी बाजूला घेतली. मिलट्रीत मागनं भोंगा आला की वाट द्यायची, तीच सवय. उतरल्यावर कपाळाला हात लावून बसला म्हनं. ह्यातलं एकाला तरी आदी सुचलं हुतं का? आता समदी म्हंत्यात, "म्या सांगितलंच हुतं."

मालकांनी गुलाल उधळला. म्हनले, "म्हैन्याभरात उरकू."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

तारीख धराय बनुबाईच्या घरी गेलो. चा सोडा, पान्याचा तांब्या बी म्होरं आला न्हाई.

बनुबाई म्हनली, "सुपारी तुमी अडवली हुती, अंबूबाई. आता आमी अडवतो. पुन्याच्या कंत्राटदाराची पोरगी सांगून आलीया. सिद्धूला त्येच्याच मोटारीवर बलवलंय."

"सिद्धूला बलवा. त्येच्या तोंडनं ऐकू दे."

"त्यो झोपलाय."

झोपलाय! भितीपलीकडनं खोकला ऐकू येत हुता. मालक निस्तं पायाकडं बघत बसले. घरी आल्यावर मला म्हंत्यात, "पोरगं हरलं असतं तर बरं झालं असतं."

थुकले म्या.

शनिवार, १ मार्च

माला सकाळी पान्याला म्हनून गेली, ती थेट मोटारस्टँडवर. आत्ता तात्याबा सांगून गेला. गाडीत मानसं बसलेली, सिद्धू चाकावर. तिनं भाईरनंच बजावलं, "गुरुवारच्या बाजाराच्या आत सांग, मला करतोस का न्हाई. शुक्रवारी व्हय म्हनलास, तर माजंच न्हाई हाय."