पेटीतला कापूस आणि शारदाचे गाणे

मोताळा,
१४ डिसेंबर १९६८

ती. सुधाकरदादांस,

मार्तंडाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. सासूबाईंचे गुडघे थंडीने कुरकुरतात, कान पूर्वीइतकेच कमी ऐकतात, आवाज मात्र वाढला आहे. तुमचा खोकला थांबला असावा.

आपण मुंबईहून धाडलेले स्पीकरचे सुटे सामान मिळाले. दुकानातल्या तीन प्रकारांपैकी नवशिक्यांसाठीचा, एकाच स्पीकरचा संच मी पत्राने निवडला तो अगदी योग्य ठरला. पंचायतीच्या रेडिओचा स्पीकर उंदरांनी खाल्लेला, आणि गुरुवारी आपली शारदा, माझी मेव्हणी, आकाशवाणी नागपूरवर गाणार! लेकीचे गाणे ऐकल्याशिवाय डोळे मिटणार नाही, असे सासूबाईंनी गावभर सांगितले होते (ओसरीवरून न उठता).

फळ्या ठोकल्या, तारा जोडल्या; माझ्या हाताला हे जमतेच. सोबतच्या इंग्रजी कागदात शेवटी लिहिले होते की पेटीत थोडा कापूस सैल भरावा. 'थोडा' आणि 'सैल' हे शब्द मी मुंबईकरांच्या काटकसरीत जमा केले. मोताळ्यात, ऐन वेचणीच्या दिवसांत, मूठभर कापूस घालायचा म्हणजे गावाची अब्रूच! गुलाबरावांनी घरचा पहिल्या वेचणीचा कापूस गाठोडे भरून दिला. उकंडराव पेटीत पाय घालून, गाडीत तुडवतात तसा तुडवू लागले. "मास्तर, अजून जाते!" म्हणत सगळे गाठोडे जिरवले. वर मी फळी ठोकली.

गुरुवारी चावडीपुढे सारे गाव जमले. शारदाचे नाव पुकारले असावे, कारण रेडिओचा दिवा लागलेला होता. एरवी काही पुरावा नव्हता. "काऊन हो मास्तर, मुंगी गाऊन राह्यली का आतमंदी?" कडूबाने विचारले. मी त्यास आवाजाचा दर्जा समजावत होतो, तोच सासूबाई उठल्या आणि त्यांनी पेटीच्या लाकडाला कान चिकटवला. मग एकदम हात वर केला.

"चूप बसा बे! माही पोरगी गाऊन राह्यली!"

लाकडातून त्यांना सगळे ऐकू येत होते. "आता वर गेली... आता थांबली, दम घेते... लहानपणी बी अशीच थांबे!" त्यांचा आवाज पार बसस्टँडापर्यंत गेला. गाणे संपल्यावर गावाने टाळ्या वाजवल्या. शारदासाठी की सासूबाईंसाठी, हे मी विचारले नाही. एकूण प्रयोग यशस्वी.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
मार्तंड

ता. क. शारदाला कळवताना 'सर्वांनी ऐकले' एवढेच कळवावे.

दुसरा ता. क. काल पक्कड घेऊन कापूस काढायला गेलो, तर सासूबाई पेटीला पाठ लावून बसलेल्या. "हात लावशीन तर पाह्य! त्यातून फक्त मलेच ऐकू येते." तेव्हा शारदाच्या पुढच्या गाण्याआधी उरलेल्या गावासाठी आणखी एक संच धाडावा. सोपाच. मात्र त्यातला इंग्रजी कागद आपण मराठीत लिहून काढावा, आणि 'थोडा' या शब्दाखाली दोन रेघा माराव्यात. उकंडराव आत्तापासून पाय धुऊन तयार आहेत.