चार बोटं कमी

३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत, फक्त माझ्या नडग्यांवर लालभडक गाठी आल्यात. हात लावला तरी जीव जातो. डॉक्टर म्हणाले, कातडीखालच्या चरबीला सूज आलीय, तपासण्या करू. जन्मभर मला लठ्ठंभारती म्हणालीस ना, आता ती चरबीच रुसली बघ! विजार घासते, बेकरीत दिवसभर उभं राहवत नाही. एक पायघोळ झगा शिवून दे. आईच्या पद्धतीने मापाचे दोरे गाठ मारून पाठवतेय.

लोभ आहेच, झगा तेवढा लवकर धाड.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अगं, छातीचा दोरा चार बोटं कमी! लहानपणीही गाठ भलत्याच जागी मारायचीस आणि आईचा धपाटा खायचीस. दुकानातल्या बायकांना दाखवला, सगळ्या पोट धरून हसल्या. मी आपला वहीतल्या जुन्या मापाने शिवलाय. पाय उंच ठेवून बस. भावोजींना नमस्कार.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

झगा मिळाला. सुरेख आहे, पण खांद्यावरून घसरतो. दोरा बरोबर होता गं. तीनदा मोजला होता. तेव्हा नक्की काही ठाऊक नव्हतं, पण भीती वाटत होती आणि लिहायचा धीर होईना. वाटलं, तू शिंपीण, दोरा बघून ओळखशील.

गाठी पायांवर असल्या तरी मूळ पोटात आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि तो पसरलाय. डॉक्टर महिन्यांच्या भाषेत बोलतात. हे चोरून रडतात.

दुसरा शिव, दोऱ्याच्या मापाने. शिलाईत जादा कापड सोडू नकोस, उसवून मोठा करायची वेळ आता येणार नाही.

तुझ्यावर राग नाही.
ताई

९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

दोरा माझ्या हातात होता, ताई, आणि मी हसले. चार दिवस मशीनवर बसवलं नाही. तो दोरा मी मनगटाला बांधलाय.

दुकानाला कुलूप लावून शुक्रवारी निघतेय. तू बरी होईपर्यंत हलणार नाही, भावोजींना सांगून ठेव. झगा दोऱ्याच्या मापाने शिवलाय. पण तुझं एक ऐकलं नाही. शिलाईत जादा कापड सोडलंय, पुरती चार बोटं. रागव हवं तर.

मी येईपर्यंत थांब, एवढीच विनंती.
तुझी धाकटी