चार थर

सावली
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय राजदीपदादा,
सप्रेम जयभीम.

आई बरी आहे. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धान कापणीला आलं, मजूर मिळून नाही राह्यले. चारदा लिहायला बसली अन चारदा उठून शेडपर्यंत जाऊन आली. फोनवर तुझा आवाज ऐकला की तोंडच उघडत नाही.

शेड उघडली. तुझा गाडीचा साचा अजून काचेसारखा गुळगुळीत आहे. आठवतं? भंगारातलं इंजिन, तू वेल्डिंग करून जोडलेली चेसिस, म्हणजे सांगाडा, अन वर मी बनवलेली फायबरची बॉडी. पहिली गाडी, रेसच्या गाडीसारखी बुटकी, मार्कंड्याच्या जत्रेत नेली, तर एक म्हातारी म्हणाली, "हे झोपून चालवाची गाडी होय का गा?" किती हसला होतास!

पाच वर्षांत सहा गाड्या. सहावी अहेरीच्या सुरेंद्रभाऊंची. वळणावर ब्रेक दाबला तर पेडल तळातून उखडलं, गाडी सागावर आदळली, त्यांचा पाय गेला. राजदीपची वेल्डिंग तुटली, असं सारे म्हणाले. तूही तेच मानलंस. हैदराबादला गोदामावर पहारा देतोस, वेल्डिंगला हात लावत नाहीस म्हणे.

दादा, तुझी वेल्डिंग तुटली नव्हती. पेडल बसतं त्या फायबरच्या तळाला काचेच्या धाग्यांच्या मॅटचे चार थर दे, असं तू सांगितलं होतंस. मी दोनच दिले. मॅट संपली होती अन मला गाडी ठरल्या दिवशी द्यायची होती. वरून रंग मारला. तुला सांगितलं, चार दिले.

पाचव्या गाडीतही तसंच केलं होतं. ती गडचिरोलीच्या दिव्यानीताई अजून चालवतात. मागच्या महिन्यात रंगासाठी त्यांचा फोन आला. "ताई, गाडी जागची हलवू नका," म्हटलं. बसनं गेली, कारण सांगितलं, तळ कापून नवे चार थर दिले.

तिथून अहेरीला गेली. सुरेंद्रभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुह्या भावाले सांगतलं?"

"नाई."

"मंग माह्याकडे आधी काऊन आली? दर महिन्याले फोन करते तो. माफी मागते. तीन सालापासून!"

मला हे माहीत नव्हतं, दादा. त्यांनी मला माफ केलं नाही, मीही माफी मागितली नाही.

आईबाबांना आज सकाळी सांगितलं. आई जेवली नाही. गावात मी स्वतः सांगून राह्यली, घरोघरी. तू मला शिव्या दे, नाहीतर बोलूच नको. पण वेल्डिंग सोडू नको. तुझा हात चुकला नव्हता.

तीन वर्षं तुझ्या नावाआड लपलेली,
संघप्रिया