'ये' म्हणा

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
२० ऑक्टोबर २००४

ती. मनोहरदादांना,
धाकट्या भावजयीचा, शुभाचा नमस्कार.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? इथे थंडी सुरू झाली. आमची मैत्रीण राधिका आजच पुण्याला निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देते. फोनवर 'चारूची बायको' एवढं ऐकताच तुम्ही दोन्ही वेळा ठेवून दिलात.

चारू हॉस्पिटलमध्ये आहे. तिथे मिसेस लाऊ नावाची बाई भेटली, तिचाही नवरा आयसीयूत होता. वेळ जावा म्हणून ती मला कँटोनीज शिकवायची. भाषा दिसली की तोंड घालायची खोड माझी! 'जोय गीन' म्हणजे 'पुन्हा भेटू'. तसे रोज सगळे सरळ बाय-बायच म्हणतात, हा शब्द जरा रीतसर निरोपाचा.

काल तिचा नवरा बरा होऊन घरी निघाला. मी ऐटीत म्हटलं, "जोय गीन!" बाईचा चेहराच उतरला. मग माझा हात धरून म्हणाली, "हॉस्पिटलमध्ये नाही म्हणायचं. इथे पुन्हा कोणाला भेटायचंय?"

आपल्याकडेही हॉस्पिटलमधून निघताना 'येते' म्हणत नाहीत, हे तेव्हा आठवलं. मी तर रोज संध्याकाळी चारूला 'येते' म्हणूनच निघते. जिन्यात बसून खूप रडले.

दादा, त्याच्या मेंदूत रक्तस्राव झालाय. तो शुद्धीवर येणार नाही. सोमवारी दुपारी मशीन बंद करायचं म्हणतात. सही मी करायची आहे. माझ्याच्याने होत नाही हो.

भांडून तुमच्या घरातून निघाला तेव्हा तो 'जातो' म्हणाला होता. वहिनी दारात ओरडल्या, "अरे, येतो म्हण!" त्याने म्हटलं नाही. नंतर इथे किती वेळा बोलून दाखवलं त्याने! फोन मात्र केला नाही. तुम्ही दोघे सारखेच.

सोमवारच्या आत एकदा फोन करा. नंबर पाकिटावर लिहिला आहे. मी त्याच्या कानाशी धरीन. ऐकू जातं की नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही. शिव्या द्यायच्या तर द्या. पण शेवटी त्याला 'ये' म्हणा. त्याच्या वतीने 'येतो' मी म्हणते.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. माझ्यावर नसला तरी चालेल.

शुभा