झाकलेलं ताट

१९ सप्टेंबर
आई मला ओळखत नाहीत! सकाळी हात धरला तर किंचाळल्या — "अहो, चोर आलाय!" ही हाक सासऱ्यांना. ते जाऊन चार वर्षं झाली. पडून मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले होते. मग हे काय?

२० सप्टेंबर
सलाईन उपटलं. आता दोन्ही हात कॉटला बांधलेत. मनगटावर वळ. "उसाला पाणी लावलंय, सोडा की मला!" — घसा बसेपर्यंत. वृषभ बाहेर जाऊन उभा राहिला. "माझ्या आईला असं बघवत न्हाय मला, दीपा." सिस्टर म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसांचं होतंय असं ऑपरेशननंतर."

२१ सप्टेंबर
तसंच. त्यांच्याकडे बघायची भीती वाटते.

२२ सप्टेंबर
आज दुसऱ्या डॉक्टर आल्या, अनुजा मॅडम. आईंच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं. बुबुळं थरथरत होती. मग म्हणाल्या, "आजी खातात काय?"
सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं.
इथलं जेवण येतं दिवेलागणीनंतर. आई जैन नेमानं अंधार पडल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत. दुपारच्या भाजीत कांदा-बटाटा. ताट झाकलेलं यायचं, झाकलेलंच परत जायचं. कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही! त्याआधी चातुर्मासात एकवेळचं जेवण, अन् पडायच्या आधी आठवडाभर उलट्या.
मॅडम म्हणाल्या, "अंगात बी-वन व्हिटॅमिन उरलंच नाही. त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं, होतं नव्हतं तेही संपलं. वेड नाही हे. मेंदू उपाशी पडलाय."
इंजेक्शनं लगेच सुरू केली. "बऱ्या होतील ना?" "भ्रम उतरेल. आठवणीचं आत्ताच सांगता यायचं नाही. उशीर झालाय."
वृषभ सिस्टरवर ओरडला. मग माझ्यावर. मग खुर्चीत बसून राहिला.

२४ सप्टेंबर
हात सोडले! घरून मऊ भात अन् मुगाचं वरण नेलं, दिवस मावळायच्या आत भरवलं. दोन घास खाल्ले. म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय गं दीपा."
दीपा म्हणाल्या! बाथरूममध्ये जाऊन रडले.

२८ सप्टेंबर
घरी आणलं, कळंब्याला. वॉकर धरून दारापर्यंत गेल्या. शेजारच्या शालूबाई येऊन बघून गेल्या. आई पोटभर जेवल्या, हात धुतले, अन् थोड्या वेळानं म्हणतात — "आज मला कुणी वाढलंच न्हाय." आम्ही हसलो. वृषभ म्हणाला, "भूक परत आली बघ!"

२ ऑक्टोबर
आईंची थोरली बहीण, शिरोळच्या आक्का, पहाटे गेल्या. वृषभनं सांगितलं. आईंनी ऊर बडवून घेतला. कसंबसं शांत केलं, चहा दिला. कप खाली ठेवला. गाल अजून ओले होते. म्हणाल्या, "दीपा, आक्काला फोन लाव की गं. लई दिवस झालं बोलून."