अंग बाहेर येतं तेव्हा

३ फेब्रुवारी, मंगळवार

सांगून टाकलं एकदाचं. शाळेच्या मैदानावर मुलींना दोरीवरच्या उड्या शिकवताना खालून काहीतरी ओघळल्यासारखं होतं, संध्याकाळी लिंबाएवढा गोळा हाताला लागतो, खोकला आला की कपडे ओले — एका दमात सगळं बोलले आणि मान खाली घालून बसले.

डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "अहो, याला अंग बाहेर येणं म्हणतात. गर्भाशयाला धरून ठेवणारे पट्टे सैल झालेत. कितीतरी बायका येतात माझ्याकडे. लाजायचं काय त्यात?"

काय हलकं वाटलं! ऑपरेशन करावं लागेल, हेही त्यामुळे नीट ऐकता आलं. परतताना ह्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

४ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. वरच्याच मजल्यावर राहते, भाऊजी गेल्यापासून एकटी. शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पोर झाल्यावर लगेच मैदानावर उड्या मारायला गेलीस. तेव्हाच सांगत होते मी."

असेलही तिचं खरं.

७ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिच्या कानावर ताईनंच घातलंय. आवाज रडवेला. "आई, मी जन्मतःच एवढी मोठी होते ना. माझ्यामुळेच झालं का हे?"

"वेडी आहेस का," म्हटलं. पण तिचा प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेशनआधीची तपासणी. डॉक्टरीणबाईंना सरळच विचारलं — बाळंतपणामुळे झालं का?

त्या पेन खाली ठेवून बोलल्या. "तो ताण हे एक कारण आहेच, नाही कशाला म्हणू? पण चार-चार मुलं होऊनही काहींना त्रास होत नाही. काहींच्याच पट्ट्यांची डागडुजी का होत नाही, त्यावर आम्ही इथे संशोधन करतोय." मग समजावून सांगितलं. पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा थोडे उपद्रवी कणही तयार होतात. शरीर एरवी त्यांचा बंदोबस्त करतं. वय वाढलं, पाळी गेली की तो बंदोबस्त अपुरा पडू लागतो. कण साठतात, पट्ट्यांना बळकटी देणारं कोलाजेन कुरतडतात. नवं कोलाजेन बनवणाऱ्या पेशीही थकतात. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात त्याला.

"म्हणजे आतून गंजल्यासारखं?"

"साधारण तसंच. पण हा गंज आधी चढतो आणि मग अंग उतरतं, की अंग उतरल्यावर ताणानं गंज चढतो — ते अजून आम्हाला नक्की माहीत नाही."

"मग त्यावर गोळ्या असतील ना?"

"दुकानात ढीगभर मिळतात. या दुखण्यावर गुण येतो असं सिद्ध झालेली एकही नाही. उगाच घेऊ नका."

आजवर ज्यानं त्यानं मला खात्रीनं सांगितलं. 'माहीत नाही' म्हणणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. फार बरं वाटलं त्या दोन शब्दांनी. ऑपरेशनमध्ये पट्ट्याचा बारीकसा तुकडा तपासायला हवाय त्यांना. घ्या म्हटलं, आनंदानं घ्या.

घरी येऊन आधी लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं. ती हसली. "म्हणजे मी एकटीच गुन्हेगार नाही तर." तिचं हसणं ऐकून मलाच रडू आलं.

१२ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. भीती वाटते. ह्यांना वाटत नाही म्हणे. मग चहात दोनदा साखर कुणी घातली?

१६ फेब्रुवारी, सोमवार

झालं. गर्भाशय काढलं, सैल पट्टे आवळून बांधले. दुखतंय, पण तो खाली ओढल्यासारखा जडपणा गेलाय. किती वर्षं तो घेऊन हिंडत होते, ते आज कळतंय.

नर्सबाईंनी धरून चालवलं. ह्यांनी केस विंचरले, भांग वाकडाच पाडला. तसाच राहू दिला. डॉक्टरीणबाई येऊन सांगून गेल्या, तुकडा प्रयोगशाळेत पोचला. आपल्या त्या नकोशा जागेचा कुणाला उपयोग होईल, असं कधी मनात आलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

घरी. ताई सकाळीच खाली येते. मला कपबशीसुद्धा उचलू देत नाही. आंघोळ घालते, पाठ चोळते, वर बडबडते. तिच्या बडबडीचा पूर्वी राग यायचा. आता ती आली नाही तर घर सुनं वाटेल.

आज तिला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. हातातलं काम टाकून ऐकत राहिली. "म्हणजे मूल होण्याशी याचा संबंध नाही?"

"आहे की. पण तेवढंच कारण नाही."

"तेवढंच नाही," ती पुटपुटली. आणि चहा न घेताच वर गेली. बोलण्यात माझं काही चुकलं का?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ताईनं आज भाजी निवडता निवडता सांगितलं. "मलाही आहे ते. बरीच वर्षं झाली. मला ना मूल झालं, ना मी कधी उडी मारली. तुझ्याकडे निदान कारण तरी होतं गं. मी कुणाला काय सांगणार होते?"

तिचा हात धरून बसून राहिले. मग फोन उचलला आणि तिच्यासाठी सोमवारची वेळ घेतली.