नामाच्या यादीतलं एक घर

१२ जानेवारी, सोमवार

ऑफिसात आज तमाशा! मेन लाइनच्या मीटरवरून आमच्या भागात जितका गॅस आला, त्यापेक्षा घराघरांतल्या मीटरांची बेरीज कमी. तीन महिन्यांत चारशे युनिट गायब. गळती तपासली — नाही. मग खापर कुणावर? नामावर! मुंबईकरांचे बंद बंगले त्याच्याच यादीत ना. "घरी बसून आकडे टाकतोस," साहेब म्हणाले. येत्या सोमवारी त्याला काढणार.

नामा म्हणाला, "येक घर सोडून समद्या दारांवर मी गेलोय." कोणतं घर? विचारलं तर मान खाली. असेल एखादा कुत्र्यांचा बंगला!

मीटर वाचायचं हे काम मला नामानेच शिकवलं. ते घर मी शोधणार.

१३ जानेवारी

यादी मिळवली. एकशे बारा घरं. माझी स्वतःची यादी उरकून उरलेल्या वेळात. बघूच!

१५ जानेवारी

माळी शोधा, चावी मागा, कुत्री चुचकारा. पायांचे तुकडे पडलेत. आकडे मात्र सगळे बरोबर. सदा माळी हसत होता — "नामा व्हय? कुलूप काढेस्तोवर दारातनं हलत न्हाय तो!" साहेबांना इथे आणून उभं करायला हवं होतं.

१७ जानेवारी, शनिवार

एकशे अकरा झाली. एकही आकडा खोटा नाही! मग गॅस गेला कुठे? चिडचिड नुसती.

घरी आले तर सासूबाईंच्या खानावळीत साठ पानं. दिवाळीपासून शेगड्यांना उसंत नाही. दोन घास खाल्ले. यादीत आता एकच घर उरलंय, ते आमचंच. त्यात काय बघायचं?

"गौरी, जेवताना तरी ती यादी बाजूला ठेव गं," सासूबाई म्हणाल्या. ठेवली.

१८ जानेवारी, रविवार

ओट्यामागचं मीटर पाहिलं. यादीतल्या आकड्यापेक्षा आमचं मीटर चारशे सव्वीसने पुढे आहे.

मीच नामाला म्हटलं होतं — "आमच्याकडे कशाला खेपा घालतोस? आकडा मी फोनवर सांगत जाईन." आणि दर महिन्याला मागच्या आकड्यात चौदा मिळवून सांगत आले. खानावळ नव्हती तेव्हाचे चौदा! मीटर रीडर मी, आणि घरचं मीटर कधी वाकून पाहिलं नाही.

नामाला ठाऊक होतं. त्याने माझं नाव घेतलं नाही.

उद्या साहेबांकडे ते मीच घेणार.